चेलोच्या पेटीत कापूस

माझ्या चेलोची मान पेंडीच्या पोत्याखाली मोडली. पोतं कुणाचं होतं ते मला माहीत आहे, पण माणूस चांगला आहे आणि त्याची म्हैस तेव्हा नुकतीच व्याली होती, म्हणून मी फार बोलले नाही. पौडहून आमच्या गावी, मालेला, परतणाऱ्या वडापच्या जीपमध्ये मागच्या दोन बाकांच्या मधल्या जागेत मी चेलो त्याच्या कापडी पिशवीत घालून आडवा ठेवला होता. पोतं बरोबर त्यावर आलं. काड् असा आवाज मला पुढच्या सीटवर ऐकू आला, आणि जीपचंच काहीतरी मोडलं असेल असं मी मनाशी ठरवून टाकलं. जीपचं नेहमीच काहीतरी मोडत असे.

जीपवाल्याने पोतेवाल्याची बाजू मांडली. "ताई, त्येंची बी चूक न्हाई. तुमी गादीवाल्याची लेक. कापडात गुंडाळलेलं कायतरी लांबडं घिऊन निगालाय. मानूस गादीच समजनार की."

आम्ही पिंजारी. कापूस पिंजायचा आणि गाद्या भरायच्या हा आमचा पिढीजात धंदा. पौडला अब्बांचं गादीचं दुकान आहे आणि आसपासच्या अर्ध्या घरांतली माणसं अजून त्यांनी भरलेल्या गाद्यांवर झोपतात.

चेलो म्हणजे व्हायोलिनचा मोठा भाऊ, खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्ये धरून वाजवतात, एवढं सांगितलं की गावात लोकांचं समाधान होतं. तो पिंजाऱ्याच्या घरात कसा आला हे सांगितलं की होत नाही. कॉलेजला असताना मी पुण्यात कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या बाईंकडे खोली घेऊन राहत होते. त्या रोज संध्याकाळी चेलो वाजवायच्या आणि मी भाजी निवडत ऐकायचे. एक दिवस त्या म्हणाल्या, नुसती ऐकतेस काय, बस इथे. मी बसले, ती आठ वर्षं बसले. पुढे त्या परदेशी मुलाकडे राहायला गेल्या तेव्हा चेलो मला देऊन गेल्या आणि 'नीट सांभाळ' म्हणाल्या. आता त्या नाहीत. चेलो हातात घेतला की मला त्यांची आठवण येते, आणि ठेवून दिला की थोडा वेळ राहते.

कॅम्पातच वाद्यं दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांनी मोडलेली मान जोडून दिली. महिना घेतला. देताना म्हणाले, "एकदा जोडली. परत मोडली तर माझ्याकडे आणू नका. भिंतीला लावा, छान दिसेल."

मला भिंतीला लावण्यासारखं काही नको होतं. भुकूमजवळच्या एका शाळेत मी आठवड्यातून तीन दिवस मुलांना व्हायोलिन आणि चेलो शिकवते. शाळेकडे चार छोटी व्हायोलिनं आहेत आणि चेलो एकच, तो माझा. चेलोशिवाय मी त्या शाळेत गेले तर वॉचमनसुद्धा कुणाला भेटायचंय असं विचारेल. तेव्हा माले ते भुकूम हा रस्ता चेलोने जाऊन-येऊन जिवंत राहणं भाग होतं, आणि त्यासाठी त्याला कडक कवचाची पेटी हवी होती.

पेटी निवडायला मी सहा आठवडे घेतले. इतका वेळ मी आयुष्यात दुसरं काही निवडायला घेतलेला नाही. मोबाईलवर सगळ्याच पेट्या 'संपूर्ण सुरक्षा' देत होत्या. एका व्हिडिओत एक जाडजूड माणूस पेटीवर उभा राहून हसत होता. आत चेलो होता की नव्हता हे त्याने सांगितलं नाही. दुसऱ्या व्हिडिओत पेटी जिन्यावरून खाली सोडून दिली होती आणि तिसऱ्यात तिच्यावर बर्फ पडत होता. पेंडीचं पोतं कुणीच टाकून दाखवलं नाही.

माझ्या अटी साध्या होत्या. पेटी मला एकटीला उचलता आली पाहिजे. जीपमध्ये ती उभी राहिली पाहिजे. पावसात आत पाणी जाता कामा नये आणि उन्हात थांबलेल्या जीपमध्ये चेलोच्या जोडातला सरस वितळता कामा नये. जीपवाल्याची अट एवढीच होती की ती टपावर बांधता यावी. ती मी नामंजूर केली. पेटीच्या आकारावरून जो विनोद सुचतो तो गावाने पहिल्याच दिवशी करून घेतला, त्यामुळे तो मी इथे करत नाही.

अब्बा यात पडतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांचा आणि चेलोचा संबंध जेमतेम होता. मी तो पहिल्यांदा घरी आणला तेव्हा त्यांनी सगळ्यात जाड तारेला बोट लावून आवाज ऐकला होता आणि "तात चांगली वडलीया" एवढंच म्हणाले होते. आजोबांच्या काळी कापूस पिंजणीने पिंजत. ती एक मोठी लाकडी कमान असते, तिला आतड्याची तात ओढून बांधलेली असते, आणि तात कापसात धरून ठोकली की ढुंग ढुंग आवाज करत कापूस उडतो. अब्बा त्या आवाजात लहानाचे मोठे झाले. पुढे पिंजायचं मशीन आलं आणि त्यानंतर फोम आला. हल्ली दुकानात ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आलेल्या फोमच्या गाद्या विकतात. विकताना त्यांचा चेहरा दुसऱ्या कुणाची तरी तक्रार नोंदवून घेतल्यासारखा असतो.

टेप त्यांनी कधी वापरला नाही. गिऱ्हाइकाच्या खाटेला सुतळी लावायची, रुंदीला एक गाठ, लांबीला एक गाठ, आणि ती सुतळी दुकानातल्या खिळ्यावर टांगायची. भिंतभर सुतळ्या आहेत. कुठली कुणाची हे त्यांना न बघता सांगता येतं. एका संध्याकाळी मी घरी आले तर अब्बा चेलो सतरंजीवर आडवा ठेवून त्याला सुतळी लावत होते. खांदा, कंबर, खालचा घेर, मान. चार गाठी मारून त्यांनी सुतळी खिशात टाकली आणि म्हणाले, "मी येतो पेटी बगाया."

दुरुस्तीवाल्यांकडे दोन पेट्या होत्या. एक काळी, आतून लाकडाची, मखमलीची, दार लावल्यासारखी मिटणारी. ती उचलायला मला दोन माणसं लागली असती. दुसरी पांढरी, फायबरची, हलकी. अब्बांनी बाहेरून दोन्हीकडे पाहिलंही नाही. पांढरी उघडून त्यांनी आतल्या अस्तराची शिवण नखाने ओढली, वास घेतला आणि मग जिथे जिथे गुबगुबीत होतं तिथे कोपर दाबलं. गादी ते अशीच बघतात.

"फोम हाय," ते म्हणाले.

"सगळ्यांत फोमच असतो," दुरुस्तीवाले म्हणाले.

"आन् हितं तर कायच न्हाई." मानेची जागा होती तिथे अब्बांची अख्खी मूठ आत जात होती. "मोकळंच सोडलंय."

दुरुस्तीवाल्यांनी चष्मा काढून समजावून सांगितलं. चेलो आत चारच जागी टेकतो, खांद्याला दोन आणि तळाला दोन. मानेला, शेंड्याला आणि तारांखालच्या घोडीला कशाचाही स्पर्श नको. पेटी आपटली तर दणका पेटीला बसतो, चेलो नुसता झुलतो. "ही मोकळी जागा हीच खरी पेटी. बाकीचं तिला धरून ठेवायला आहे."

"बराबर हाय," अब्बा म्हणाले. फोमच आरोग्याला चांगला असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकालाही ते हेच म्हणतात.

आम्ही पांढरी घेतली. अम्मीने ती बघितली आणि "पांढरी? ह्या चिखलात?" एवढं विचारून जुन्या फुलाफुलांच्या चादरीची खोळ शिवून टाकली. खोळ घातल्यावर पेटी पुन्हा गादीसारखी दिसायला लागली. सहा आठवड्यांचा शोध माझ्या डोळ्यांसमोर वाया गेला, पण अम्मीला तसं सांगण्याची सोय नसते.

मग अब्बा म्हणाले की पेटी एक दिवस दुकानात राहू दे, जरा अस्तराचं बघतो. मी राहू दिली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परतताना मी पौडला उतरले. अब्बांनी पेटी फळीवर ठेवली होती. त्यांनी झाकण उघडलं आणि बाजूला झाले.

आत कुठेही रिकामी जागा उरली नव्हती. मानेच्या मागे, शेंड्याभोवती, झाकणाच्या आतून, सगळीकडे लाल साटीनखाली कापूस भरलेला होता, वीत-वीत अंतरावर टाके घालून, प्रत्येक टाक्यावर सुताचं बारीक फूल बसवून. चेलोचा आकार त्या कापसात तंतोतंत उतरला होता. असं काम त्यांच्या हातून मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. फोम आल्यापासून कुणी त्यांना मागितलंच नव्हतं.

साटीन मी ओळखलं. आमच्यात मुलीच्या लग्नाची गादी बाप स्वतःच्या हाताने भरतो. मला स्थळं यायला लागली तेव्हा, म्हणजे अकरा वर्षांपूर्वी, अब्बांनी निवडून कापूस आणला, दोनदा पिंजला आणि लाल साटीनची दोघांची गादी भरून तयार ठेवली. स्थळं आली, चहा पिऊन गेली. काहींना मी नको होते, काही मला नको होती, सामना साधारण बरोबरीत सुटला. गादी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर गेली आणि घरात तिच्याबद्दल कुणी बोलायचं नाही असं न ठरवता ठरलं.

"अब्बा, ही माळ्यावरली न्हवं?"

"पडून व्हती," ते म्हणाले. "कापूस पडून ऱ्हायला की गोळं व्हत्यात. घाल त्याला आत, बग."

मी चेलो त्याच्या कापडी पिशवीतून काढून आत ठेवला. जराही हलला नाही. अब्बांनी पेटी दोन्ही हातांनी गदागदा हलवून दाखवली आणि माझ्याकडे बघून हसले. दुरुस्तीवाल्यांचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवत होतं. मी म्हणाले, "लई भारी झालंय."

माझ्या हातून चूक झाली ती तिथे. अब्बांना माहीत नव्हतं, मला माहीत होतं.

तीन आठवड्यांनी चेलोच्या जाड तारेतून बारीक खरखर यायला लागली. मी तो घेऊन कॅम्पात गेले. दुरुस्तीवाल्यांनी खोळ काढली, पेटी उघडली आणि बराच वेळ चेलोला हातच लावला नाही.

"हे काम कुणाचं?"

"वडिलांचं."

त्यांनी एका फुलावरून अंगठा फिरवला. "फार सुंदर आहे," ते म्हणाले. "काढून टाका."

झाकणातला कापूस घोडीला रेटत होता, ती पुढे कलली होती. मानेमागचा कापूस रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मानेपर्यंत पोचवत होता. जुना जोड केसभर उघडला होता. त्यांनी सरस भरला, चेलो आठ दिवस ठेवून घेतला आणि परत देताना या वेळी भिंतीचं नावसुद्धा काढलं नाही. त्याची मला जास्त भीती वाटली.

तरी मी कापूस काढला नाही. झाकण अर्धवट मिटून वर दोरी बांधून पाहिली. मानेमागचा कापूस बोटांनी दाबून दाबून पातळ करायचा प्रयत्न केला; अब्बांनी भरलेला कापूस तसा पातळ होत नसतो. पेटी मांडीवर घेऊन बसायलाही सुरुवात केली, त्यामुळे मला काहीच दिसायचं नाही आणि जीपवाला मला वाटेतली गावं सांगायचा. "ताई, पिरंगुट आलं." शेवटी भुकूमच्या अलीकडे एका नव्या स्पीडब्रेकरवरून जीप उडाली. पेटी समोरच्या दांडीवर आपटली आणि आतून तारांचा एक अस्पष्ट झंकार आला. शाळेत पोचल्या पोचल्या मी ती उघडली. मोडला नव्हता.

त्याच दिवशी मी ब्लेड आणलं. शाळेच्या सामानाच्या खोलीत मोडक्या बाकांमध्ये बसून मधल्या सुट्टीत मी टाके उसवायला लागले. कापड फाडायचं नाही असं ठरवलं होतं. अब्बा गाठ कधीच बाहेर ठेवत नाहीत, आत वळवून लपवतात, त्यामुळे प्रत्येक गाठ शोधून काढावी लागत होती. ज्या गादीवर मी कधी झोपले नाही ती मी ब्लेडने उसवत होते. मला रडू आलं आणि मी रडले. घंटा झाल्यावर तोंड धुऊन चौथीला सा रे ग म शिकवलं.

तीन दिवस लागले, तोवर पेटी शाळेतच राहिली. कापूस दोन पोत्यांत भरून, साटीन घडी घालून मी शाळेतल्या कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं.

सकाळी अब्बा आणि मी एकाच जीपने निघतो. ते पौडला उतरतात, मी पुढे जाते. पेटी जीपमध्ये चढवायचं काम त्यांनी पहिल्या दिवसापासून स्वतःकडे घेतलेलं. कापूस काढल्यानंतरच्या पहिल्या सकाळी मी आधी जाऊन पेटीला हात घातला, पण खोळीत माझं बोट अडकलं आणि ते पोचले. त्यांनी पेटी उचलली आणि तशीच धरून थांबले. आयुष्यभर कापूस उचललेला माणूस. मग त्यांनी ती आत ठेवली, नेहमीसारखी उभी, आणि पुढे जाऊन बसले. पौडला उतरताना म्हणाले, "नीट जा."

असे शाळेचे तीन दिवस गेले. चौथ्या खेपेला जीपला उशीर झाला होता. आम्ही फाट्यावर उभे होतो, पेटी आमच्या मधे.

"कापूस कुटंय?" अब्बांनी विचारलं.

"साळंत. कपाटात."

"वला तर न्हाई झाला?"

"न्हाई."

"साटीन फाडलंस?"

"न्हाई. टाकं उसवलं, येकेक."

"किती दिस लागलं?"

"तीन."

ते जरा विचारात पडले. "तीन लागलं मंजी टाकं बरं पडलं व्हतं."

"व्हय."

मग त्यांनी पेटीवर हात ठेवला. "मोडलं का?"

"जरासं. जोडून घेतलं."

"त्यो मानूस सांगत व्हता. माजंच ध्यान न्हवतं."

"मला म्हाईत व्हतं, अब्बा. तुमी झाकान उगाडलं तवाच."

"मंग बोलली का न्हाईस?"

"माळ्यावरली गादी बगितली," मी म्हणाले. "मंग न्हाई बोलवलं."

अब्बांनी मान हलवली. खाली बसून त्यांनी खोळीची चेन ओढली, पेटी रस्त्याच्या कडेला आडवी करून उघडली आणि चेलोच्या मानेमागे हात घातला. हात अलगद आरपार गेला. त्यांनी पेटी थोडी हलवली. चेलो आत झुलला आणि परत जागेवर आला. त्यांनी पुन्हा हलवली.

"ऱ्हाऊ दे पोकळ," ते म्हणाले. "कापूस मातुर घिऊन ये. साळंत उंदरं असत्यात."

मी दोन्ही पोती आणली. माळ्यावर उरलेली अर्धी गादी त्यांनी खाली काढली, सगळा कापूस एकत्र करून पुन्हा पिंजला आणि संध्याकाळी माझ्या खोलीत आले. खिशातून सुतळी काढली. चेलोची नव्हती, तिला चार गाठी आहेत. ही जुनी, काळपट, दोन गाठींची, दुकानातल्या कोपऱ्यातल्या खिळ्यावर अकरा वर्षं टांगलेली. रुंदीची पहिली गाठ दोन माणसांची होती. माझी खाट एकीची. अब्बांनी सुतळी खाटेला लावली आणि कड आली तिथे नवी गाठ मारली.

दोघांचा सगळा कापूस एकीच्या गादीत भरल्यामुळे ती एवढी जाड झाली आहे की तिच्यावरून उतरताना पाय जमिनीला टेकत नाहीत. रंग लालभडक. पहिल्या दिवशी मी कडेवर बसले तर अब्बांनी माझ्या शेजारी कोपर दाबून बघितलं आणि गेले. मला झोप उत्तम लागते. चेलो खाटेजवळ त्याच्या पेटीत असतो, चार जागी टेकलेला.

सुतळी पुन्हा त्याच खिळ्यावर आहे. परवा दुकानात गेले तेव्हा मी ती हातात घेऊन पाहिली. नवी गाठ घट्ट होती. जुनी गाठ अब्बांनी सोडलेली नाही.